साकु

कारण काही नव्हतं.
उद्यमबागेतून सुटून, हात केरोसिननं धुऊन,
आम्ही चौघं खानापूर रोडला, नेहमीच्या टेबलावर;
एक पाय आखूड, त्याखाली दुमडलेलं सिगारेटचं पाकीट.
वीस वर्षं बसलो तसा त्या शनिवारीही बसलो.

अर्धा पेग. शेंगदाणे अजून यायचे होते.
कान तापले. मग मान. मग छातीवर
तांबड्या पेनानं कुणी नकाशा काढावा तसे चट्टे,
नाक बंद,
आणि काळीज आमच्या शॉपातल्या जुन्या प्रेससारखं
धाड, धाड,
माल नसताना चालू.
"लाजला बघ," भरमाण्णा म्हणाला,
"पोरगी बघायला आल्यागत."
सगळे हसले. मीही.

पुढच्या शनिवारी बिअर. त्याच्या पुढं व्होडका.
मग एप्रिलात, इनासच्या सासुरवाडीची,
पाण्याच्या बाटलीतनं चोर्ला घाट चढून आलेली हुर्राक.
दोन घोट.
ओठ असे सुजले की नको म्हणायलाही जमेना.

डॉक्टर हुक्केरींनी रक्त पाहिलं, लिव्हर पाहिलं.
सगळं बरोबर.
"होतं असं. चालत होतं, आता चालत नाही."
पण का?
त्यांनी पेनला टोपण लावलं.
"साकु अंतैति," म्हणाले.
पुरे म्हणतंय.

घरात मराठी, शाळा मराठी,
दुकानाच्या पाटीसाठी चौकात ओरडून घसा बसवलेला मी,
आणि माझंच अंग माझ्याशी कानडीत बोललं,
तेही एका शब्दात,
आणि अर्ज घ्यायला तयार नाही.

मग लोक कारण मागू लागले.
अय्यप्पाची माळ घातलास काय?
यल्लम्माला बोललास? शुगर?
गुंडू कडोलकर तर दोन आठवडे
लागण व्हावी तसा लांब बसला.
काही नाही म्हटलं की कुणाचं समाधान होत नाही.
सोडली त्याला मान असतो.
जिची तीच सुटून गेली, त्याला काय म्हणतात
मला अजून ठाऊक नाही.

सुवर्णा गल्लीत सांगते, "ह्यांनी सोडली."
चपला घालता घालता मी ऐकतो.
एकदा दुरुस्त करणार होतो.
पण तिचा आवाज तेव्हा इतका ताठ उभा होता
की मी बाजूनं, मांजरासारखा, निघून गेलो.

अजून जातो. लिंबूसोडा घेतो.
आणि शुद्धीत बसल्यावर कळलं:
धारवाडच्या हॉटेलात शिरलेल्या म्हशीचा किस्सा
भरमाण्णा दर शनिवारी सांगतो,
आणि दर शनिवारी मी
पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसत आलो होतो.
माझ्यापुरती ती म्हैस आता मेली.
हेही कळलं, की दुसऱ्या पेगनंतर
इनास कुणाकडंच बघत नाही,
अंगठ्यानं टेबलाची कड पुसत राहतो.
थोरला गेल्यापासून असेल.
त्याला चार वर्षं झाली. आम्ही तिघंही समोरच होतो.

साडेदहाला किल्ली माझ्याकडं.
गुंडूची ओम्नी, आत पेट्रोलचा आणि कांद्याचा वास.
पहिल्या गेटाला फाटक पडलेलं.
गाडी बंद केली. मागं घोरणं.
मालगाडी आली, सावकाश, लोंढ्याकडनं,
आणि मी डबे मोजायला लागलो.
पोरपणी मोजायचो, दरवेळी मध्येच कुणीतरी हाक मारायचं.
आज कुणी मारली नाही.
आरशात माझं तोंड, रंग नेहमीचा.

"अठ्ठावन्न," मी पुटपुटलो.

"एकोणसाठ," मागून इनास,
डोळे मिटलेलेच.
"गार्डाचा धर की."